मार्सेयमध्ये शनिवार-रविवार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडन, पॅरिस, फ्रँकफर्ट, ॲमस्टरडॅमला राहणारी मराठी मंडळी जोडून सुट्टी आली की भूमध्य समुद्राकडे धाव घेतात आणि हटकून विचारतात, ‘नीसला जाताना वाटेत मार्सेय उरकता येईल का?’ माझं उत्तर एकच: वाटेत नको, मुद्दाम जा. लहानपणापासून आपण मार्सेलिस म्हणून ज्याचं नाव ऐकत आलो, ते हे शहर. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या फोकेआहून आलेल्या ग्रीक दर्यावर्द्यांनी इ.स.पू. ६०० च्या सुमारास ते वसवलं. फ्रान्समधलं सर्वांत जुनं शहर हेच, आणि त्याचा जीव आजही बंदरातच आहे. पुढची उत्तरं हे धरूनच दिली आहेत.

दोन दिवस पुरतात का?

शहराला पुरतात, अख्ख्या प्रोव्हान्सला नाही. लॅव्हेंडरची शेतं, आव्हिन्योंचा पोपचा राजवाडा, एक्स-आँ-प्रोव्हाँस, कासी हे सगळं दोन दिवसांत बसवायला गेलात तर सुट्टी बसच्या थांब्यांवरच संपेल. ते पुढच्या वेळेसाठी ठेवा.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवा: इफ बेटावर जाणाऱ्या बोटीचा कार्यक्रम पहिल्याच दिवशी घ्या. इथे वाऱ्यामुळे बोटी रद्द होतात. शनिवारी रद्द झाली तर रविवार हाताशी राहतो. रविवारी रद्द झाली तर बेट न बघताच घरी.

कधी जावं? आणि हा ‘मिस्त्राल’ काय प्रकार आहे?

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. सप्टेंबरात समुद्राचं पाणी उन्हाळ्यामुळे अजून कोमट असतं आणि गर्दी ओसरलेली असते, म्हणून माझा कौल सप्टेंबरला. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन भाजून काढतं, हॉटेलं महागतात आणि वणव्याच्या भीतीने डोंगरातल्या वाटा अचानक बंद होतात.

मिस्त्राल म्हणजे ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून खाली घुसणारा उत्तर-वायव्येचा कोरडा, गार वारा. सुटला की दोन-तीन दिवस थांबायचं नाव घेत नाही. हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला त्याचा जोर जास्त, पण तो कोणत्याही महिन्यात येऊ शकतो. ऊन लख्ख पडलेलं, आकाशात ढगाचा ठिपका नाही आणि तरीही बोटी धक्क्याला बांधलेल्या, हे दृश्य नवख्याला चक्रावून टाकतं. एप्रिल-मेमध्येही वारा अडवणारं जाकीट बरोबर असू द्या. तोच वारा हवा धुऊन काढतो, त्यामुळे मिस्त्रालच्या दिवशी टेकडीवरून दिसणारं शहर आणि बेटं एरवीपेक्षा कितीतरी स्पष्ट दिसतात.

व्हिसाचं काय?

भारतीय पासपोर्ट असेल आणि तुम्ही ब्रिटनमध्ये राहत असाल, तर तिथला निवास परवाना असूनही शेंगेन व्हिसा लागतोच. जर्मनी, नेदरलँड्स अशा शेंगेन देशाचा निवास परवाना असेल तर वेगळा व्हिसा नको, पण पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड दोन्ही जवळ ठेवा. मुंबई-पुण्याहून नुसत्या शनिवार-रविवारासाठी येण्यात अर्थ नाही. पॅरिसच्या सहलीला हे दोन दिवस जोडा.

पॅरिसहून विमानाने जावं की रेल्वेने?

रेल्वेने. गार द लियों स्थानकातून निघणारी तेजेवे (टीजीव्ही) ही अतिवेगवान गाडी साधारण सव्वातीन तासांत थेट शहराच्या मध्यावर, सें-शार्ल स्थानकात उतरवते. विमानतळ मारिन्यानला आहे, शहरापासून २५-२७ किलोमीटरवर. तिथून सें-शार्लला सतत बस असते. लंडन-फ्रँकफर्टहून येणाऱ्यांना विमानच सोयीचं पडेल. रेल्वेचं तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त मिळतं.

सें-शार्लला उतरल्यावर घाईने मेट्रोत शिरू नका. बाहेर या. स्थानक टेकाडावर आहे आणि समोर १०४ पायऱ्यांचा भव्य जिना शहरात उतरतो. १९२७ मध्ये उद्घाटन झालेल्या या जिन्यावर आशियातल्या आणि आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतींचं प्रतीक म्हणून आडव्या पहुडलेल्या स्त्रियांचे पुतळे आहेत. वसाहतींच्या पैशावर हे बंदर कसं पोसलं गेलं, ते शहरात शिरतानाच समोर येतं. आपण ज्या देशातून येतो, तिथल्या माणसाने हे पुतळे थांबून बघायला हवेत. जड बॅगा असतील तर स्थानकातूनच सरकत्या जिन्याने मेट्रोत उतरता येतं.

राहायला कुठला भाग बरा?

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी व्यु-पोर, म्हणजे जुन्या बंदराच्या आसपास राहावं. सगळं चालत होतं. जॉलिएत हा नव्याने उभारलेला भाग कुटुंबांना बरा: साखळी हॉटेलं, ट्राम, रुंद फुटपाथ. ल पानिए हा जुना वाडीवजा भाग देखणा आहे, पण पायऱ्या भरपूर आणि टॅक्सी दारापर्यंत येईलच असं नाही. स्थानकाला लागून असलेली हॉटेलं स्वस्त दिसतात. रात्री उशिरा पोहोचणार असाल आणि सोबत लहान मुलं असतील तर थोडे पैसे जास्त देऊन बंदराकडे राहा.

मार्सेय धोकादायक आहे म्हणतात. खरं का?

बातम्यांत येणारा अमली पदार्थांच्या टोळ्यांचा हिंसाचार मुख्यतः उत्तरेकडच्या वस्त्यांत होतो. तिथे पर्यटकाला जाण्याचं कारण पडत नाही. तुम्हाला सांभाळायचं आहे ते पाकीट आणि मोबाइल: स्थानकात, मेट्रोत, नोआयच्या बाजारात. कॅफेच्या टेबलावर फोन ठेवून गप्पा मारत बसू नका. भाड्याची गाडी घेतलीच असेल तर तिच्यात बॅग ठेवून समुद्रावर जाऊ नका, काच फुटते. खरं तर या दोन दिवसांसाठी गाडी घेऊच नका. रस्ते अरुंद, पार्किंग महाग आणि मेट्रो, ट्राम, बस पुरेशा आहेत.

पहिला दिवस कसा आखावा?

सकाळी लवकर जुन्या बंदराच्या मुखासमोरच्या टोकाशी जा. मासेमार आपल्या होड्या तिथे लावतात आणि निळ्या टेबलांवर रात्रीचे मासे मांडतात. बाजार छोटा आहे, मोजकीच टेबलं, पण मासा अजून तडफडत असतो आणि गिऱ्हाइकं मालवणच्या लिलावाइतकीच चोखंदळ. दुपारपर्यंत सगळं आवरलेलं असतं. शेजारीच वास्तुकार नॉर्मन फॉस्टर यांनी उभारलेलं आरशासारखं चकचकीत छत आहे. वर बघितलं की आख्खा धक्का उलटा दिसतो. याच धक्क्यावरून इफ आणि फ्रिउल बेटांच्या बोटी सुटतात. आदल्या दिवशी वाऱ्याचा अंदाज बघा, सकाळची बोट पकडा आणि जेवणाच्या वेळेपर्यंत परत या.

दुपारनंतर ल पानिएच्या टेकाडावर चढा. ग्रीकांची मूळ वसाहत इथेच होती. वरच्या गल्ल्या जुन्या आहेत, पण खाली बंदरालगत साठ-सत्तर वर्षांच्या सरळसोट इमारती दिसतील. त्यामागे भीषण इतिहास आहे. जानेवारी १९४३ मध्ये नाझींनी, फ्रेंच पोलिसांची मदत घेऊन, बंदराच्या उत्तरेकडचा हा सगळा भाग रिकामा करायला लावला आणि पुढच्याच महिन्यात सुरुंग लावून उडवून दिला. वीस हजारांहून जास्त माणसं बेघर झाली, शेकडो ज्यूंना छळछावण्यांकडे पाठवलं गेलं.

वर व्हिएय शारिते बघायला विसरू नका. भिकारी आणि निराधारांना कोंडून ठेवण्यासाठी सतराव्या शतकात बांधलेली ही इमारत. मार्सेयचाच वास्तुकार पिएर प्युजे याने मधल्या चौकात लंबगोल घुमटाचं प्रार्थनाघर उभारलं आहे. तीन मजली कमानींची दगडी रांग चौकाला वेढते. तो दगड सकाळी फिकट असतो आणि संध्याकाळी गुलाबी होतो, म्हणून उन्हं कलताना जा.

तिथून समुद्राच्या दिशेने उतरलात की २०१३ मध्ये उघडलेलं म्युसेम हे संग्रहालय येतं. वास्तुकार रुडी रिचिओत्ती यांनी काळ्या काँक्रीटची जाळी करून इमारतीला पांघरली आहे, तिच्यातून समुद्र तुकड्यातुकड्यांनी दिसतो. प्रदर्शन बघायचं नसलं तरी गच्चीवर जा; तिथून एक अरुंद पूल थेट सें-जाँ किल्ल्यात जातो आणि त्यासाठी तिकीट लागत नाही. म्युसेम मंगळवारी बंद असतं.

शातो दिफ, म्हणजे इफ बेटावरचा किल्ला, बघण्यासारखा आहे का?

आहे, आणि नुसता कादंबरीतल्या कैद्यासाठी नाही. अलेक्झांडर द्यूमाने आपल्या ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’च्या नायकाला इथे डांबलं, त्यामुळे काल्पनिक माणसाची कोठडी दाखवायचीही इथे सोय आहे. खरा इतिहास त्याहून रंगतदार आहे आणि त्याचा एक धागा गोव्यात पोहोचतो.

गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याने पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द अल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला. अल्बुकर्कने तो जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजाने पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला. आफ्रिकेला वळसा घालून मे महिन्यात तो लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपात कुणी जिवंत गेंडा पाहिला नव्हता. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने तो न बघताच, एका वर्णनावरून आणि रेखाटनावरून, त्याचं जगप्रसिद्ध लाकूडठसा चित्र केलं. राजा मॅन्युएलने गेंडा पुढे पोपला भेट म्हणून रोमकडे रवाना केला आणि वाटेत, १५१६ च्या सुरुवातीला, जहाज मार्सेयजवळच्या या बेटाशी थांबलं. फ्रान्सचा तरुण राजा पहिला फ्रान्स्वा मुद्दाम तो बघायला आला. पुढे इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात जहाज बुडालं आणि साखळदंडांनी बांधलेला गेंडाही त्यासोबत गेला. बंदराच्या तोंडावरच्या या बेटाचं मोक्याचं ठिकाण राजाच्या नजरेत भरलं आणि १५२० च्या दशकात त्याने इथे किल्ला बांधायला घेतला.

किल्ला लहान आहे, तासाभरात बघून होतो. बोट रद्द झाली नसली तरी समुद्र फार हलत असेल तर इफच्या धक्क्याला न लागता ती पुढे फ्रिउललाच जाते. तेव्हा फ्रिउलवर उतरा, डबा खा, खडकांमधल्या खाडीत पाय बुडवा. हिवाळ्याच्या महिन्यांत सोमवारी किल्ला बंद असतो.

सावरकरांनी उडी मारली ती जागा बघता येते का?

हा प्रश्न प्रत्येक मराठी पाहुणा विचारतो, म्हणून सविस्तर सांगते. जागा जुन्या बंदरात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मोठ्या आगबोटी उत्तरेकडे, जॉलिएतपासून पुढे बांधलेल्या नव्या बंदरात लागत. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर मुंबई-मार्सेय हा राजमार्गच झाला: इथे उतरायचं, रेल्वेने फ्रान्स ओलांडायचा आणि इंग्लंड गाठायचं. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला निघालेले गांधीजीही ‘राजपुताना’ बोटीने येऊन इथेच उतरले.

सावरकर उलट दिशेने निघाले होते. लंडनमध्ये अटक झाल्यावर त्यांना खटल्यासाठी ‘मोरिया’ बोटीने हिंदुस्थानात नेलं जात होतं. ८ जुलै १९१० च्या सकाळी बोट मार्सेयला असताना ते शौचकुपाच्या खिडकीतून निसटले, पाण्यात उडी टाकून धक्क्यावर चढले आणि पळाले. आपल्या मनातलं चित्र बहुतेकदा खवळलेल्या समुद्राचं असतं. प्रत्यक्षात बोट बंदरातच होती आणि पोहायचं अंतर थोडं होतं. खरी शर्यत लागली ती धक्क्यावर. फ्रेंच भूमीवर पाय ठेवल्यावर फ्रेंच कायद्याचा आसरा मिळेल, अशी त्यांची अपेक्षा होती. पण तिथल्या फ्रेंच पोलिसाने पकडून त्यांना पुन्हा बोटीवरच्या पहारेकऱ्यांच्या हवाली केलं.

पुढे जे झालं ते या उडीला जगाच्या कायद्याच्या इतिहासात घेऊन गेलं. फ्रेंच समाजवाद्यांनी, त्यांत कार्ल मार्क्सचा नातू जाँ लाँगेही होता, आरडाओरडा केला आणि प्रकरण हेगच्या स्थायी लवाद न्यायालयात गेलं. २४ फेब्रुवारी १९११ रोजी न्यायालयाने मान्य केलं की पकडून देण्यात गैर घडलं, तरीही ब्रिटनवर कैदी परत करण्याचं बंधन नाही. सावरकरांच्या राजकारणाबद्दल मतं काहीही असोत, हा निवाडा आश्रयाच्या हक्काबद्दल आस्था असलेल्या कुणालाही अस्वस्थ करतो.

आज तो भाग चालू बंदराच्या कुंपणाआड आहे, आत जाता येत नाही. पण ‘ले तेरास द्यु पोर’ या खरेदी केंद्राच्या लांबलचक गच्चीवरून जॉलिएतची गोदी समोर दिसते. कॉर्सिका, अल्जीरिया, ट्युनिशियाला जाणारी जहाजं तिथून सुटतात. संध्याकाळी एखादं जहाज निघताना बघा. धक्का आणि बोट यांतलं अंतर किती असतं याचा अंदाज तिथेच येतो.

भारतीय सैनिकांचं स्मारक कुठे आहे?

शहराच्या दक्षिण भागात, माझार्गच्या युद्ध दफनभूमीत. पहिल्या महायुद्धात भारतीय फौजेची लाहोर डिव्हिजन सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस मार्सेयलाच उतरली आणि पुढे बेल्जियमच्या चिखलात गेली. युद्धभर मार्सेय हा भारतीय सैन्याचा तळ होता. इथे वारलेल्या शेकडो भारतीय सैनिक आणि मजुरांच्या कबरी या दफनभूमीत आहेत. ज्यांना अग्नी दिला गेला त्यांची नावं स्मारकावर कोरली आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधान मोदी आणि राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी इथे पुष्पचक्र वाहिलं आणि त्याच दिवशी शहरात भारतीय वाणिज्य दूतावास सुरू झाला. नेहमीच्या पर्यटनाच्या वाटेवर हे ठिकाण नाही. अर्धी सकाळ काढा.

त्याच दिशेला वास्तुकार ल कोर्ब्युझिएची सिते रादिएज ही १९५२ मध्ये पूर्ण झालेली प्रचंड निवासी इमारत आहे. २०१६ मध्ये ती युनेस्कोच्या यादीत गेली, ती चंदीगडच्या कॅपिटल कॉम्प्लेक्ससोबत, एकाच नोंदीखाली. गच्ची आवर्जून बघा.

कलांकला जमेल का?

कलांक म्हणजे चुनखडीच्या पांढऱ्या कड्यांमध्ये घुसलेल्या निळ्याशार खाड्या. २०१२ पासून राष्ट्रीय उद्यान. चालायची सवय असेल तर रविवारी सकाळी कास्तेलानहून लुमिनीची बस पकडा आणि सुजितों या खाडीच्या वाटेने निघा. उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवसांत सुजितोंला आधी नोंदणी करावी लागते. ती मोफत आहे, पण जागा मर्यादित. जून ते सप्टेंबर वणव्याच्या धोक्यानुसार वाटा खुल्या की बंद हे आदल्या संध्याकाळी जाहीर होतं, ते बघूनच बेत पक्का करा. वाटेवर दुकान नाही, पाणी नाही, सावली बेताचीच, आणि खाली उतरलेलं सगळं परत चढायचं असतं. माणशी दोन लिटर पाणी आणि पकड असलेले बूट हवेतच. एवढं नको असेल तर जुन्या बंदरातून दोन-तीन तासांच्या बोटफेऱ्या मिळतात.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही, पण विचारून खा. पानिस हे तुमचं पहिलं खाणं: हरभऱ्याचं पीठ शिजवून, थापून, कापून तळलेले काप, बाहेरून कुरकुरीत आणि आत मऊ. त्यात पीठ, पाणी, तेल, मीठ एवढंच असतं. सगळ्यात चांगले लेस्ताक या किनाऱ्यावरच्या वस्तीत, धक्क्यावरच्या टपऱ्यांत मिळतात. उन्हाळी महिन्यांत जुन्या बंदरातून शहराच्या परिवहन सेवेची बोट लेस्ताकला जाते. थोडक्या पैशांत समुद्रफेरीही होते.

पिझ्झा इथे इटालियन स्थलांतरितांनी रुजवला आणि तो उत्तम असतो. फक्त अर्धा चीज-अर्धा अँचोव्ही हा इथला आवडता प्रकार आहे, तेव्हा अँचोव्ही नको म्हणून सांगा. तापेनाद ही ऑलिव्हची चटणी निर्धोक वाटते, पण तिच्यातही अँचोव्ही असतो. नोआयच्या बाजारात ट्युनिशियन आणि अल्जीरियन रोट्या, ऑलिव्ह, खजूर, मसाले यांची रेलचेल आहे. तिथे काबुली चण्यांचं गरमागरम लब्लाबी मिळतं, पण अंडं किंवा ट्यूना वर घालतात. भाज्यांचं कुसकुस मागवलंत तरी रस्सा मटणाचा असू शकतो. ‘साँ व्हियांद, साँ प्वासों’ (मांस नको, मासा नको) हे पाठ करा. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी. या शहरात लसणावाचून पान हलत नाही.

आणि मासे खाणाऱ्यांनी बुयाबेस खावं का?

एकदा खावं, पण योग्य ठिकाणी. १९८० मध्ये इथल्या काही रेस्तराँनी मिळून नियमावली केली: ठरलेल्या यादीतले किमान चार प्रकारचे मासे, आणि मासा गिऱ्हाइकासमोर कापायचा. आधी केशर-बडीशेपेच्या वासाचा दाट रस्सा येतो, त्याबरोबर लसूण चोळलेले पावाचे कुरकुरीत काप आणि रुई नावाची तिखटसर केशरी चटणी. मग मासे वेगळे. आपल्या कालवणाची तिखट-आंबट चव शोधू नका. इथे सगळा जोर माशाच्या मूळ चवीवर आहे. खरं बुयाबेस माणशी साठ युरोंच्या पुढेच जातं आणि बऱ्याच ठिकाणी आदल्या दिवशी सांगावं लागतं. धक्क्यावर वीस-पंचवीस युरोंत मिळणारं बुयाबेस म्हणजे माशाचं सूप. तेवढेच पैसे असतील तर सरळ भाजलेले सार्डिन मागवा, ते जास्त समाधान देतील.

आई-बाबा सोबत आहेत. चढ झेपेल का?

नोत्र-दाम द ला गार्दला जुन्या बंदरातून ६० क्रमांकाची बस जाते, ती घ्या. दीडशे मीटर उंच टेकडीवरचं हे चर्च १८६४ मध्ये अभिषिक्त झालं. खलाशांनी नवस फेडण्यासाठी वाहिलेल्या छोट्या बोटी छताला टांगलेल्या आहेत, भिंतींवर वादळातून वाचल्याबद्दल आभार मानणारे संगमरवरी फलक. नवसाची रीत ज्यांनी घरात पाहिली आहे, त्या आई-बाबांना हे समजावून सांगावं लागणार नाही. बस सोडल्यावरही काही पायऱ्या उरतातच. ल पानिएमध्ये त्यांना खालच्या बाजूने थोडंसंच न्या.

मार्सेयचा प्रसिद्ध साबण खरा कसा ओळखायचा?

ठोकळ्यावर ७२ टक्के तेलाचा शिक्का बघा आणि घटकांची यादी वाचा. खरा साबण हिरवट (ऑलिव्हचा) किंवा पांढरट असतो, त्यात रंग-सुगंध नसतो. लॅव्हेंडर, गुलाब, आंब्याच्या वासाच्या रंगीत वड्या भेट म्हणून छान, पण तो पारंपरिक मार्सेय साबण नव्हे. ‘मार्सेय साबण’ हे नाव कुणीही छापू शकतं, म्हणून नावावर जाऊ नका.

फ्रेंच येत नाही, अडेल का?

हॉटेलात नाही. दुकानात, बसमध्ये आधी ‘बाँजूर’ म्हणा, मग इंग्रजीत बोला. बाँजूर न म्हणता थेट प्रश्न विचारणं इथे उद्धटपणा समजला जातो, आणि उत्तरही तसंच मिळतं.

रविवारी काय बंद असतं?

बरीच छोटी दुकानं आणि काही रेस्तराँ. दुपारचं जेवण बारा ते दोनच्या दरम्यान घ्या, नंतर स्वयंपाकघर बंद होतं. रविवारी वेलोद्रोम मैदानावर ऑलिंपिक द मार्सेय या फुटबॉल संघाचा सामना असेल तर मेट्रो तुडुंब भरते आणि हॉटेलांचे दर चढतात. तिकिटं काढण्याआधी सामन्यांचं वेळापत्रक बघून घ्या. परतीची गाडी संध्याकाळची असेल तर खोली सोडताना बॅगा हॉटेलातच ठेवायला सांगा, बहुतेक ठिकाणी ठेवून घेतात.